घरगुती सामानाची आंतरराष्ट्रीय वाहतूक

एका देशातील वास्तव्य संपवून दुसऱ्या देशात स्थायिक होणाऱ्या व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या वापरातील वस्तू नव्या निवासस्थानी पोहोचवण्याच्या प्रक्रियेस घरगुती सामानाची आंतरराष्ट्रीय वाहतूक असे म्हणतात. भांडीकुंडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, पुस्तके, लाकडी सामान, विद्युत उपकरणे, वाद्ये आणि व्यवसायाची साधने यांचा या सामानात समावेश होतो.

विक्रीसाठी पाठवल्या जाणाऱ्या मालापेक्षा हे सामान दोन बाबतींत वेगळे असते. पहिली बाब म्हणजे वस्तू वापरलेल्या असतात आणि त्यांचा मालक बदलत नाही. त्यामुळे बहुतेक देश काही अटींवर त्यांना आयात शुल्कातून सूट देतात. दुसरी बाब म्हणजे मालक विमानाने काही तासांत पोहोचतो, तर त्याचे सामान जहाजाने कित्येक आठवड्यांनी येते. सीमाशुल्काच्या परिभाषेत अशा सामानास 'सोबत नसलेले सामान' म्हणतात. हे सामान कोणाचे, किती जुने आणि कशासाठी आणले, हे सांगायला बंदरात मालक बहुधा हजर नसतो. ते काम कागदपत्रांना करावे लागते. त्यामुळे या वाहतुकीच्या नियोजनात खोकी भरण्याइतकेच महत्त्व वस्तूंची निवड, त्यांची सूची आणि तारखांचा मेळ यांना असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात जहाजाच्या स्वस्त वर्गाने प्रवास करणाऱ्या स्थलांतरितांचे सामान म्हणजे बहुधा एखादी पेटी, वळकटी किंवा गाठोडे असे, आणि ते प्रवाशाबरोबर त्याच जहाजातून जाई. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १ जानेवारी १८९२ रोजी स्थलांतरितांचे तपासणी केंद्र सुरू झाले. तेथील इमारतीत सामानासाठी तळमजल्यावर स्वतंत्र दालन होते. गिरमिट पद्धतीने मॉरिशसला गेलेल्या कोकणातील मराठी भाषकांजवळही हाताने उचलून नेता येईल एवढेच सामान असे. कॅरिबियन प्रदेशात गेलेल्या भारतीय मजुरांच्या गाठोड्याला तेथे 'जहाजी बंडल' हे नाव मिळाले आणि पुढे ते सांस्कृतिक वारशाचे प्रतीक बनले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरातील लाकडी सामानासह सर्व वस्तू मोठ्या लाकडी पेट्यांत भरून पाठवण्याची पद्धत रूढ झाली. या पेट्यांना 'लिफ्ट व्हॅन' किंवा नुसते 'लिफ्ट' म्हणत. माणूस आणि सामान यांची ताटातूट किती महाग पडू शकते, याचे दुःखद उदाहरण याच पेट्यांच्या इतिहासात आहे. १९३३ नंतर नाझी जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या ज्यू कुटुंबांनी आपली घरे अशा पेट्यांत भरून हांबुर्ग आणि ब्रेमेनच्या बंदरांकडे रवाना केली. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हजारो पेट्या तेथे अडकून पडल्या. मालक परदेशी पोहोचले होते किंवा देशाबाहेर जाण्याच्या प्रयत्नात होते. सामान मात्र गेस्टापोने जप्त केले आणि जाहीर लिलावांत विकले. या वस्तूंचा माग काढण्याचे काम ब्रेमरहाफेन येथील जर्मन सागरी संग्रहालयाने अलीकडच्या काळात हाती घेतले आहे.

आजच्या वाहतूक पद्धतीचा पाया कंटेनरमुळे घातला गेला. अमेरिकन उद्योजक माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन निघाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंटेनरच्या मापांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले. त्यामुळे घराच्या दारात भरलेली पेटी मध्ये न उघडता दुसऱ्या खंडातील घरापर्यंत नेणे शक्य झाले. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातून समुद्रमार्गे परदेशी जाणारे घरगुती सामान मुख्यतः याच बंदरातून जाते. घरगुती सामानाची ने-आण करणाऱ्या व्यावसायिकांच्या 'फिडी' (स्थापना १९५०) आणि 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मूव्हर्स' (स्थापना १९६२) या जागतिक संघटना आहेत.

नियोजनाचा क्रम

सामान निघते घरातून, पण त्याच्या नियोजनाची सुरुवात गंतव्य देशापासून करावी लागते. शुल्कातून सूट मिळेल की नाही हे त्या देशातील निवासाच्या परवान्यावर, पूर्वीच्या परदेशवास्तव्याच्या कालावधीवर आणि प्रत्येक वस्तू किती काळ वापरात होती यावर अवलंबून असते. त्यामुळे परवाना हाती येण्यापूर्वी सामान रवाना केल्यास ते बंदरात अडकण्याचा धोका असतो. प्रक्रियेचे टप्पे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात:

१. गंतव्य देशाचे शुल्कविषयक व जैवसुरक्षाविषयक नियम पाहणे.
२. नेण्याच्या व मागे ठेवण्याच्या वस्तू ठरवणे.
३. वाहतूक कंपनीकडून घराची पाहणी करून घेणे व आकारमानाचा अंदाज काढणे.
४. समुद्रमार्ग, हवाई मार्ग किंवा दोन्ही यांची निवड करणे.
५. बांधणी, सामानसूची आणि विमा.
६. निर्गमन देशातील सीमाशुल्क तपासणी व जहाजावर चढवणे.
७. गंतव्य देशातील तपासणी, घरपोच वितरण आणि नुकसान असल्यास दावा.

पाहणी, दरपत्रकांची तुलना आणि कागदपत्रे यांना वेळ लागत असल्याने हे काम निघण्याच्या दोन ते तीन महिने आधी सुरू करणे सोयीचे ठरते.

वस्तूंची निवड

सामानाची विभागणी साधारणतः चार गटांत केली जाते. पहिल्या गटात प्रवाशाने स्वतःजवळ बाळगायच्या वस्तू येतात. पारपत्र, जन्म-विवाहाचे दाखले, शैक्षणिक प्रमाणपत्रे, लसीकरणाच्या नोंदी, दागिने, औषधे आणि सामानसूचीची प्रत या वस्तू मोठ्या सामानात कधीही भरल्या जात नाहीत. दुसऱ्या गटात पहिल्या काही आठवड्यांत लागणाऱ्या व विमानाने पाठवायच्या वस्तू, तिसऱ्यात समुद्रमार्गे जाणाऱ्या वस्तू आणि चौथ्यात नातेवाइकांकडे ठेवायच्या, विकायच्या किंवा देऊन टाकायच्या वस्तू असतात.

वस्तू न्यावी की नवी घ्यावी हे ठरवताना तिची आजची किंमत, तिने व्यापलेल्या जागेचे भाडे आणि गंतव्य देशात तशीच वस्तू घेण्याचा खर्च यांची तुलना करतात. या हिशेबात मोठे पण स्वस्त लाकडी सामान बहुधा मागे राहते, तर छोट्या, टिकाऊ आणि तेथे सहज न मिळणाऱ्या वस्तू पुढे जातात. पितळी भांडी, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, तानपुरा किंवा मराठी पुस्तकांचा संग्रह ही भारतातून जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीतील उदाहरणे होत. ज्या वस्तूंची किंमत पैशात करता येत नाही, त्या या तुलनेतून वगळून त्यांच्यासाठी आधीच जागा राखून ठेवणे व्यवहार्य असते.

विद्युत उपकरणांचा निर्णय विजेच्या दाबावरून घेतला जातो. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे तो १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, तर जपानमध्ये १०० व्होल्ट असतो. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलता येतो, परंतु वारंवारता बदलत नाही. म्हणून मिक्सर, धुलाईयंत्र यांसारखी मोटरवर चालणारी उपकरणे अशा देशांत नेणे बहुधा फायद्याचे नसते. लॅपटॉप व मोबाइल यांचे चार्जर दोन्ही दाबांवर चालतील असे बनवलेले असतात. ब्रिटन, युरोपीय देश आणि ऑस्ट्रेलिया येथे भारतीय उपकरणे चालू शकतात. केवळ प्लग बदलावा लागतो.

आकारमान, वजन आणि मार्ग

समुद्रमार्गे जाणाऱ्या घरगुती सामानाचे भाडे मुख्यतः त्याने व्यापलेल्या जागेवर आकारतात. जागा घनमीटरमध्ये मोजतात. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. हवाई वाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे लागते. हवाई मालवाहतुकीत आकारमानी वजन काढण्यासाठी घनसेंटीमीटरमधील आकारमानास सामान्यतः ६,००० ने भागतात; कुरियर सेवा बहुधा ५,००० ने भागतात.

या फरकाचा परिणाम दोन खोक्यांच्या तुलनेने स्पष्ट होतो. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ४५ सेंटीमीटर असलेल्या खोक्याचे आकारमान ९१,१२५ घनसेंटीमीटर होते. अशी अकरा खोकी मिळून सुमारे एक घनमीटर भरतो. त्यात रजया भरल्या आणि प्रत्यक्ष वजन ८ किलोग्रॅम भरले, तरी हवाई भाडे सुमारे १५.२ किलोग्रॅमचे द्यावे लागते. याउलट ४५ × ३० × ३० सेंटीमीटरच्या खोक्यात २० किलोग्रॅम पुस्तके भरल्यास त्याचे आकारमानी वजन केवळ ६.७५ किलोग्रॅम येते आणि भाडे मात्र २० किलोग्रॅमचे लागते. जहाजावर हेच पुस्तकांचे खोके रजयांच्या खोक्याच्या निम्म्याहून कमी जागा घेते. म्हणजेच पुस्तके, भांडी यांसारख्या लहान व जड वस्तूंना जहाज स्वस्त पडते, तर फुगीर वस्तू दोन्ही मार्गांनी महाग पडतात.

समुद्रमार्गाने जाताना पुढील पर्याय असतात:

• वीस फुटी कंटेनर: बाहेरील लांबी सुमारे ६.०६ मीटर, आतील जागा सुमारे ३३ घनमीटर.
• चाळीस फुटी कंटेनर: बाहेरील लांबी सुमारे १२.१९ मीटर, आतील जागा सुमारे ६७ घनमीटर. अधिक उंचीच्या प्रकारात सुमारे ७६ घनमीटर.
• सामायिक कंटेनर: अनेक कुटुंबांचे किंवा व्यापाऱ्यांचे सामान एकाच कंटेनरमध्ये जाते आणि प्रत्येकजण आपापल्या जागेपुरते भाडे देतो.

खुर्च्या, पलंग यांसारख्या वस्तूंच्या वेड्यावाकड्या आकारांमुळे कंटेनरची सर्व जागा वापरता येत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर सामान बसते असे धरून चालतात. सामायिक कंटेनर कमी सामानासाठी स्वस्त असतो, परंतु तो भरेपर्यंत थांबावे लागते, सामानाची हाताळणी अधिक वेळा होते आणि एका मालकाच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे इतरांचेही सामान खोळंबू शकते. सामान सुमारे १५ घनमीटरच्या पुढे गेल्यास स्वतंत्र वीस फुटी कंटेनरचे दरपत्रकही मागवून तुलना केली जाते.

दरपत्रक आणि त्यातील अंतर्भाव

दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करताना दर कोठपासून कोठपर्यंतचा आहे हे पाहणे आवश्यक असते. 'घरापासून घरापर्यंत' या दरात बांधणी, स्थानिक वाहतूक, दोन्ही देशांतील सीमाशुल्क प्रक्रिया, समुद्रभाडे आणि घरपोच वितरण अपेक्षित असते. 'घरापासून बंदरापर्यंत' हा दर कमी दिसतो, कारण गंतव्य बंदरातील हाताळणी, गोदाम, कागदपत्रे व स्थानिक वाहतूक यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. हा खर्च सामान पोहोचल्यावरच मालकापुढे येतो आणि तो चुकता केल्याशिवाय सामान सुटत नाही.

सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कंटेनरची क्ष-किरण किंवा प्रत्यक्ष तपासणी करायचे ठरवल्यास त्याचा खर्चही अनेक देशांत मालकाकडून घेतला जातो आणि तो बहुतेक दरपत्रकांच्या बाहेर असतो. जिन्याने सामान चढवणे, अरुंद रस्त्यावर मोठ्या वाहनाऐवजी लहान वाहन वापरणे, लाकडी सामान पुन्हा जोडणे आणि रिकामी खोकी परत नेणे या बाबीही करारात लेखी नमूद असणे हिताचे असते.

बांधणी

समुद्रप्रवासात सामानाला धक्के, दाब आणि दमटपणा या तिन्हींना तोंड द्यावे लागते. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकामुळे कंटेनरमधील हवेतील बाष्प छतावर व भिंतींवर गोठून थेंबांच्या रूपाने सामानावर पडते. या घटनेस 'कंटेनरमधील पाऊस' असे म्हणतात. म्हणून सामान बांधण्यापूर्वी पूर्ण कोरडे असावे लागते आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. कोकण आणि मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या काळात बांधणी केल्यास कापड, पुस्तके व लाकूड आधीच दमट झालेले असते; अशा वेळी ही खबरदारी अधिकच गरजेची ठरते.

जड वस्तू लहान खोक्यांत व हलक्या वस्तू मोठ्या खोक्यांत भरतात. काचेची व चिनी मातीची ताटे उभी रचतात. फर्निचर सुटे करून त्याचे स्क्रू त्याच भागाला पिशवीत बांधतात. गॅसच्या टाक्या, रंग, फवारे, आगपेट्या, सुटे लिथियम विद्युतघट आणि इतर ज्वलनशील पदार्थ घरगुती सामानात पाठवले जात नाहीत.

लाकडी पेट्या व फळ्या यांना वनस्पती संरक्षणविषयक आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५ लागू होते. या मानकानुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवून किंवा अन्य मान्य पद्धतीने त्यातील कीड नष्ट करतात आणि तसा शिक्का लाकडावर उमटवतात. शिक्का नसलेली पेटी गंतव्य बंदरात परत पाठवली किंवा नष्ट केली जाऊ शकते. हे मानक बांधणीच्या लाकडासाठी आहे. घरातील फर्निचरला गंतव्य देशाचे स्वतंत्र नियम लागू होतात.

सामानसूची

सामानसूची हा या वाहतुकीतील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. सीमाशुल्क अधिकारी तिच्यावरून शुल्क ठरवतो, विमा कंपनी तिच्यावरून भरपाई ठरवते आणि वितरणाच्या वेळी मालक तिच्यावरून सामान मोजून घेतो. सूचीत प्रत्येक खोक्याचा क्रमांक, आतील वस्तू, संख्या, वापराचा अंदाजे कालावधी, सद्यःस्थिती आणि किंमत नोंदवतात. उपकरणांचे अनुक्रमांकही लिहितात.

'किरकोळ सामान' किंवा 'स्वयंपाकघरातील वस्तू' अशा मोघम नोंदींमुळे तपासणीची शक्यता वाढते आणि दावा सिद्ध करणे कठीण होते. त्याऐवजी 'खोके क्रमांक १४: स्टीलची ताटे १२, वाट्या २४, पितळी पातेली ३, वापरलेली, सुमारे २०१५ पासून' अशी नोंद तिन्ही कामांना उपयोगी पडते. कंपनीचे कर्मचारी बांधणी करतात तेव्हा त्यांच्या सूचीतील 'ओरखडे', 'पोचे' यांसारखे शेरे सही करण्यापूर्वी तपासून पाहावे लागतात. कारण त्याच शेऱ्यांवरून नंतरचे नुकसान जुने की नवे हे ठरते.

शुल्कसवलतीच्या अटी

सवलतीचे तत्त्व बहुतेक देशांत सारखे असले, तरी वापराचा व वास्तव्याचा कालावधी वेगवेगळा असतो. काही देशांतील मुख्य अटी पुढीलप्रमाणे आहेत:

• अमेरिकेची संयुक्त संस्थाने: घरगुती वस्तू परदेशात किमान एक वर्ष वापरलेल्या असाव्यात आणि त्या दुसऱ्या व्यक्तीसाठी किंवा विक्रीसाठी नसाव्यात. सोबत नसलेल्या सामानासाठी ३२९९ क्रमांकाचे घोषणापत्र भरतात.
• कॅनडा: वस्तू देशात येण्यापूर्वी मालकीच्या, ताब्यातील व वापरलेल्या असाव्यात. पहिल्या आगमनाच्या वेळी सोबत आणलेल्या आणि मागाहून येणाऱ्या वस्तूंची सूची सादर करावी लागते. नंतर आलेली वस्तू मूळ सूचीत नसल्यास सवलत नाकारली जाऊ शकते.
• ब्रिटन: किमान सलग १२ महिने ब्रिटनबाहेर वास्तव्य आणि वस्तूंची किमान ६ महिने मालकी व वापर आवश्यक असतो. सवलतीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.
• युरोपीय संघ: २००९ च्या ११८६ क्रमांकाच्या नियमावलीनुसार संघाबाहेर १२ महिने वास्तव्य व वस्तूंचा ६ महिने वापर या सर्वसाधारण अटी आहेत.
• ऑस्ट्रेलिया: वस्तू परदेशात किमान १२ महिने मालकीच्या व वापरातील असाव्यात.

कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघ येथे सवलतीने आणलेली वस्तू पहिल्या १२ महिन्यांत विकल्यास शुल्क भरावे लागते. या अटींमुळे निघण्याच्या आदल्या महिन्यात घेतलेली नवीकोरी वस्तू सवलतीत बसत नाही. ती वापरलेली म्हणून दाखवणे ही खोटी घोषणा ठरते आणि दंड वा जप्तीस कारण होऊ शकते. हे नियम वेळोवेळी बदलत असल्याने सामान पाठवताना लागू असलेला नियम संबंधित देशाच्या सीमाशुल्क विभागाकडून पडताळून घेतला जातो.

जैवसुरक्षा

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे शुल्कापेक्षा जैवसुरक्षेची तपासणी अधिक कडक असते. बुटांच्या तळव्यांना, सायकलीच्या चाकांना किंवा बागेच्या अवजारांना लागलेली माती, वाळलेली पाने, बिया, किडलेले लाकूड आणि अन्नपदार्थ यांमुळे सामान थांबवले जाते. स्वच्छता किंवा धुरीचा खर्च मालकावर पडतो.

भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने खापरा भुंगेरा ही कीड विशेष महत्त्वाची आहे. साठवणीतील धान्याची ही कीड मूळची दक्षिण आशियातील मानली जाते. ती दीर्घकाळ अन्नावाचून फटीत दडून राहू शकते. तिचा शिरकाव रोखण्यासाठी ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तांदूळ, हरभरे, जिरे, सुक्या मिरच्या यांसारखे पदार्थ सोबत नसलेल्या सामानातून आणण्यास मनाई केली. एका डब्यात राहिलेल्या मूठभर जिऱ्यामुळे संपूर्ण सामानाची तपासणी लांबू शकते. म्हणून स्वयंपाकघरातील डबे रिकामे करून, धुऊन व वाळवून भरले जातात.

भारतातून नेण्यावरील निर्बंध

घरात पिढ्यानपिढ्या असलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने पुरावस्तू असू शकते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुन्या मूर्ती, नाणी, शिल्पे, चित्रे व इतर कलाकृती, तसेच ऐतिहासिक वा साहित्यिक मूल्याची किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देवघरातील जुनी पितळी मूर्ती किंवा घराण्यातील पोथी याबाबत शंका असल्यास ती वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हस्तिदंत, कातडी, शिंगे यांपासून बनवलेल्या वस्तू नेता येत नाहीत. मोरपिसांच्या निर्यातीसही बंदी आहे. शिसवी झोपाळे व पाट यांच्या बाबतीत आणखी एक नियम लागू होतो. शिसव ज्या वनस्पती प्रजातीत मोडते, ती संपूर्ण प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात अंतर्भूत आहे. त्यामुळे जड शिसवी सामानासाठी परवान्याची गरज आहे का, हे आधी तपासावे लागते.

विमा आणि नुकसानभरपाई

जहाज कंपनीची कायदेशीर जबाबदारी मर्यादित असते. हेग-व्हिस्बी नियमांनुसार ती प्रत्येक नगामागे ६६६.६७ किंवा प्रत्येक किलोग्रॅममागे २ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढी असते. अमेरिकेच्या कायद्यात ती प्रत्येक नगामागे ५०० डॉलर आहे. संपूर्ण घराचे मूल्य या मर्यादेत भरून निघेलच असे नाही. त्यामुळे स्वतंत्र सागरी विमा घेतात.

विम्यातून बुरशी, कीड, वस्तूतील मूळ दोष आणि उपकरणातील अंतर्गत बिघाड बहुधा वगळलेले असतात. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातील मोडतोडीची भरपाईही अनेक विमापत्रे देत नाहीत. वितरणाच्या वेळी दिसलेले नुकसान पावतीवर लिहून, छायाचित्रे काढून ठरलेल्या मुदतीत कळवावे लागते.

समुद्री व्यापारात 'जनरल ॲव्हरेज' हे एक प्राचीन तत्त्व आहे. जहाज व त्यावरील माल वाचवण्यासाठी केलेला असाधारण खर्च किंवा त्याग जहाजमालक आणि सर्व मालधारक यांच्यात मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो. स्वतःच्या सामानाला ओरखडाही न आलेल्या कुटुंबाला हा वाटा द्यावा लागतो आणि त्याची हमी दिल्याशिवाय सामान मिळत नाही. २३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज रुतले. २९ मार्चला ते मोकळे झाले, पण जनरल ॲव्हरेज जाहीर झाले आणि भरपाईच्या वादामुळे जहाज त्यावरील सुमारे १८,००० कंटेनरसह ७ जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून राहिले. सागरी विम्यात हा वाटा सामान्यतः समाविष्ट असतो. विमा नसलेल्या मालकाला मात्र रोख अनामत भरावी लागू शकते.

विलंब

जहाजाच्या वेळापत्रकातील तारीख ही अंदाजी असते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी आशिया-युरोप मार्गावरील जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली आणि प्रवास सुमारे दीड ते दोन आठवड्यांनी लांबला. म्हणून जहाज येण्याच्या दिवसापासूनच नव्या घरातील वास्तव्य अवलंबून ठेवले जात नाही. अंथरूण, मोजकी भांडी व ऋतूनुसार कपडे यांची सोय वेगळी करतात.

सामान ठरल्यापेक्षा उशिरा येण्याइतकेच मालकाच्या आधी येणेही अडचणीचे असते. बंदरात कंटेनर ठेवण्यासाठी काही दिवसांची विनाशुल्क मुदत असते; त्यानंतर दररोज विलंब आकार लागतो. भारतात उतरवल्यापासून ३० दिवसांत न सोडवलेला माल सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ४८ नुसार विकला जाऊ शकतो.

भारतात परतणाऱ्यांचे सामान

परदेशातील वास्तव्य संपवून भारतात कायमचे परतणाऱ्यांना 'निवासांतर' या सदराखाली सवलत मिळते. २०१६ च्या सामानविषयक नियमांत परदेशवास्तव्याच्या कालावधीनुसार सवलतीची मर्यादा चढती ठेवण्यात आली होती: तीन ते सहा महिन्यांसाठी ६०,००० रुपये, सहा महिने ते एक वर्षासाठी १ लाख रुपये, मागील दोन वर्षांपैकी किमान एक वर्षासाठी २ लाख रुपये आणि किमान दोन वर्षांसाठी ५ लाख रुपये.

सोबत नसलेल्या सामानासाठी या नियमांनी दोन्ही बाजूंनी कालमर्यादा घातली होती. प्रवासी भारतात आल्यापासून एक महिन्याच्या आत सामान परदेशातून रवाना होणे आवश्यक होते आणि ते प्रवाशाच्या आगमनापूर्वी जास्तीत जास्त दोन महिने भारतात पोहोचलेले चालत असे. विमानाचे तिकीट आणि जहाजाची नोंदणी यांच्या तारखा एकत्र ठरवण्याची गरज अशा तरतुदींमुळेच निर्माण होते.